स्पार्क प्लग जुन्याच क्रमांकाचा का?

महोदय,

लहान मोटारसायकलचे बोअर (सिलिंडरचा व्यास) किंवा कॉम्प्रेशन (इंधन-हवेच्या मिश्रणावरचा दाब) वाढवून घेणारे अनेकजण प्लग मात्र जुन्याच क्रमांकाचा बसवतात, ही काळजीची बाब आहे. ज्वलनकक्षातील वाढलेली उष्णता वेळेत बाहेर नेण्यासाठी अशा इंजिनाला सहसा एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर नेणारा, प्लग लागतो. अन्यथा ठिणगीआधीच मिश्रण पेटून पिस्टनला भोक पडू शकते. एनजीके कंपनीच्या प्लगवरचा उष्णतेचा क्रमांक वाढला की प्लग थंड होतो, बॉश कंपनीचे नेमके उलटे. म्हणून कंपनी बदलताना तक्ता पाहावाच. आट्यांची लांबी मूळ प्लगइतकीच हवी, कारण लांब प्लग पिस्टनवर आदळू शकतो. काही दिवस गाडी चालवून प्लग काढून पाहावा : चिनीमातीचे टोक फिकट तपकिरी असेल तर निवड जमली, पांढरे पडून फोड आले असतील तर इंजिन नक्कीच जास्त तापते आहे. फेरबदल करणाऱ्या मेकॅनिकांनी ही तपासणी ग्राहकासमोरच करावी.

– एक दुचाकीस्वार वाचक