भरल्या ताटावरून

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेल्या फोटोंचं सदर असतं. गेल्या महिन्यात त्यात नेरूळच्या पाणथळीवरून एकदम उडालेल्या रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, फोटो आला होता. खाली तुम्ही ‘गुलाबी उधळण’ असं लिहिलंत. तो फोटो माझा. आभाराचं पत्र तेव्हाच लिहायला हवं होतं, ते राहिलं. आजचं पत्र मात्र आभाराचं नाही.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं फिटर होतो. राहायला ऐरोलीत. या एकतीस वर्षांत खाडी म्हणजे माझ्या लेखी एक वास होता. रात्रपाळीला वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायच्या, एवढाच तिच्याशी संबंध. तिथे पक्षी येतात हे ऐकून होतो, पण फिरायला जायचं म्हणजे महाबळेश्वर, फार तर माथेरान. खाडीवर कोण जातं? निवृत्त झालो तेव्हा मुलीने तिचा जुना कॅमेरा आणि तीनशे मिलिमीटरची लेन्स दिली. बायको म्हणाली, घरात बसून माझे फोटो काढू नका, बाहेर जा. म्हणून ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या होडीत पहिल्यांदा बसलो. कांदळवनाचं वळण संपलं आणि समोरच्या चिखलावर नजर पोचेल तिथवर गुलाबी रंग. मागे ठाण्या-मुलुंडचे टॉवर. मी कॅमेरा उचलायलाच विसरलो. ही खाडी २०१५ साली अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेली, हे मला नंतर कळलं. दोन्ही वेळेला मी इथेच, दीड-दोन किलोमीटरवर राहत होतो.

हे पक्षी तिथे काय खातात ते वाचलं तेव्हा मात्र हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. छोटा रोहित नावाची यांची जात मुख्यतः पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ खाते. शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी खाडीत उतरतं, त्यावर हे शेवाळ माजतं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या वासाला आम्ही खिडक्या लावत होतो, त्यातच त्यांची पंगत मांडलेली! याला निसर्गसौंदर्य म्हणायचं की आणखी काही, मला ठरवता आलेलं नाही. साडूंनी फोटो पाहून विचारलं, ‘हे कुठलं, आफ्रिकेतलं?’ म्हटलं, ऐरोलीचं. त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि स्वतःचे स्वित्झर्लंडचे फोटो दाखवायला काढले.

आता त्या छापलेल्या फोटोचं. रविवार होता, सकाळचे पावणेदहा. नेरूळच्या तळ्याच्या बांधावर आम्ही सात-आठ जण होतो. पक्षी निवांत उभे. बरेचसे एका पायावर, माना पिसांत खुपसून. काही पाण्यात चोच उलटी घालून चरत होते. अर्धा तास झाला तरी काही ‘घडेना’. माझ्या शेजारी कोपरापेक्षा लांब लेन्सवाला एक तरुण होता. तो कंटाळला. आधी त्याने टाळ्या वाजवल्या, मग बांधावरचा दगड उचलला. तो काय करणार हे मला दिसलं. मी ‘अरे’ एवढंसुद्धा म्हटलं नाही. उलट शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेला आणि बोट ठेवून तयार राहिलो. दगड पडला, थवा उठला, मी अकरा फोटो काढले. त्यातला सातवा तुम्ही छापलात.

दिवा गावातला एक कोळी मित्र कारखान्यात माझ्याबरोबर होता. त्याला कौतुकाने पेपर दाखवला. त्याने फोटो पाहिला, मग वरची तारीख पाहिली आणि विचारलं, फोटो कुठल्या दिवशी काढला? दिवस सांगितला. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघितली. त्रयोदशी. ‘तेरा पाऊणे पावणेदहा,’ तो म्हणाला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा जुना हिशेब. पाऊणकी मीही शाळेत घोकली होती, पण तिचा हा उपयोग गुरुजींनी कधी सांगितला नव्हता. त्याचं म्हणणं असं: त्या वेळी खाडी काठोकाठ भरलेली. चरायचा चिखल सगळा पाण्याखाली. म्हणून तर पाखरं तळ्यात येऊन टेकली होती. तिथून उठवली तर पाय टेकायला जाणार कुठे? मग म्हणाला, ‘भरल्या ताटावरून पावण्याला उठवतं का कोनी?’ चहा न पिता गेला नाही, पण फोटोबद्दल पुन्हा एक शब्द बोलला नाही.

रोहित काही चिमणीसारखा भुर्रकन उडत नाही. पाण्यावरून काही पावलं पळावं लागतं, मग कुठे पंख धरतात. पावसाळ्याआधी यांना कच्छ-गुजरातकडे परतायचं असतं, त्यासाठी अंगात चरबी साठवायची ती इथल्याच खाण्यावर. ती असं उडण्यात खर्च होते, दर रविवारी, फोटोवाल्यांच्या प्रत्येक टोळक्यासाठी एकदा. माझ्या मूळ फोटोत डावीकडे तीन करडे पक्षी आहेत. ती पिल्लं; गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. फोटो मोठा करून पाहिलात तर दिसतील, ती थव्याच्या बरीच मागे पडली आहेत. छापताना ती बाजू तुम्ही कापलीत. तुमचा दोष नाही, चौकटीत बसत नसणार.

माझी विनंती एवढीच की वाचकाचा फोटो छापण्याआधी त्याला विचारा, पक्षी कशाने उडाले? किती वाजता काढला, तेव्हा भरती होती की ओहोटी? जो तिथे खरंच थांबला असेल तो सांगेल. मला कोणी विचारलं असतं तर मी बहुधा खोटं बोललो असतो, हेही लिहून ठेवतो. पण पाठवताना दोनदा विचार केला असता. आणि उडत्या थव्यांना थोडी सुट्टी द्या. दर हिवाळ्यात तुमच्याकडेच नव्हे, सगळीकडे तोच एक फोटो येतो आणि बांधावर येणारा नवा माणूस तोच फोटो मनात धरून येतो.

सोबत तीन फोटो जोडतोय, तिन्ही ओहोटीचे. एकात चरणाऱ्या पक्ष्याची उलटी चोच आहे. तिच्या कडेला फणीसारखी बारीक रचना असते, तिने तो पाणी गाळून शेवाळ ठेवून घेतो. नीट पाहिलं तर ओघळणारं पाणी दिसेल. दुसऱ्यात नुसत्या पावलांच्या रांगा आणि एक शेकाट्या, तो लांब पायांचा पाणपक्षी. तिसरा थोडा हललाय, पण त्यात ती करडी पिल्लं आहेत. आधीचा फोटो कुठे पुन्हा वापरणार असाल तर कृपया वापरू नये.

येत्या रविवारी चतुर्थी. चार पाऊणे तीन. म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला खाडी ओसरलेली असेल आणि पक्षी लांब आत गेलेले असतील. माझ्या लेन्समध्ये तांदळाएवढे दिसतील. तरी मी जाणार आहे, यावेळी डबा घेऊन.

आपला,
एक निवृत्त फिटर
ऐरोली, नवी मुंबई