आदरपूर्वक कळवण्याचा कागद

पॅरिस, 12 मार्च

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

माझी तब्येत उत्तम आहे. आई, व्हिडिओवर गाल बसलेले दिसतात ते दिव्याच्या उजेडामुळे. आणि ही सातव्या मजल्यावरची खोली पूर्वी मोलकरणींची होती एवढ्यावरून मी हलाखीत राहते असे आत्याला सांगायला नको होते.

बाबा, लग्नांवर कसले संशोधन, असे तुम्ही विचारलेत. एकोणिसाव्या शतकात इथल्या बड्या घरांतली लग्ने नोटरीच्या टेबलावर ठरत. हुंडा किती, त्यातला नवऱ्याच्या हाती किती, हे सारे कलमवार लिहून सह्या होत; शुभाताईच्या याद्या आजोबांनी शाईच्या पेनाने केल्या, अगदी तो थाट. सरदारांकडे पदवी असे, पण पैसा आटलेला. 1895 मध्ये काउंट बोनी द कास्तेलानने अमेरिकेतले रेल्वेसम्राट जे गूल्ड यांच्या मुलीशी, ॲनाशी, लग्न केले आणि तिच्या पैशांवर ‘गुलाबी राजवाडा’ उठवला. त्याची उधळपट्टी आणि बाहेरख्याली यांना विटून 1906 मध्ये तिने घटस्फोट घेतला (1816 ते 1884 या काळात तीही सोय नव्हती) आणि दोन वर्षांनी त्याच्याच नात्यातल्या सरदाराशी लग्न केले! राजवाडा 1969 मध्ये पाडला.

मला मात्र चक्रावते ती दुसरीच रीत. नेपोलियनच्या 1804 च्या संहितेप्रमाणे मुलगा 25 आणि मुलगी 21 वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या संमतीशिवाय लग्न नाही. आईवडिलांचे एकमत झाले नाही तर वडिलांची संमती पुरे (आई, रागावू नकोस). पुढेही सुटका नव्हतीच. दोन नोटरी, किंवा एक नोटरी आणि दोन साक्षीदार, घरी जाऊन मुलीच्या वतीने आईवडिलांचा सल्ला आदरपूर्वक मागणारा कागद देत आणि उत्तर लिहून घेत. नकार आला की महिन्याने दुसरा कागद, मग तिसरा, आणि त्यानंतर महिना उलटला की लग्नाला मोकळीक. पंचविशी ओलांडलेल्या मुलीला मात्र एकच कागद पुरे. अभिलेखागारात असा एक कागद मी हाताळला. वडिलांनी सही करायलाही नकार दिला, एवढीच त्यावर नोंद आहे.

कर्जाचा हप्ता 5 तारखेला भरला. गच्चीच्या गळतीचे पैसे या महिन्यात जमले नाहीत, पुढच्या महिन्यात नक्की पाठवते. आत्याने आणलेल्या सांगलीच्या स्थळाला कृपा करून नकार कळवा. माझ्याबरोबर काम करणाऱ्या अँत्वानबद्दल गणपतीत घरी आले तेव्हाच सांगायचे होते, पण मोदकांच्या गडबडीत राहून गेले. खरे म्हणजे धीर झाला नाही. त्याच्या घरी पदवी नाही, राजवाडा नाही. वडील पोस्टमन होते.

मी 29 वर्षांची आहे, त्यामुळे कागद एकच, आणि तो हा. उत्तर बाबांनी स्वतः लिहावे, आईकडून फोनवर निरोप नको. मी महिनाभर वाट पाहते.

तुमची,
मनू