तक्त्यात एक रकाना वाढव

सांगली,
फेब्रुवारी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगत होतीस की तुम्ही मैत्रिणी ऑस्करसाठी तक्ता करताय, कुणाकुणाला नामांकन, त्यात कृष्णवर्णीय नट किती, आधीच्या वर्षी किती. तेवढ्यात तुझी बस आली. फोनवर मला मुद्द्याचं बोलता येत नाही असं तुझी आई म्हणतेच, म्हणून लिहायला बसलो.

तक्ता जरूर करा. तिकडे अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, वर पुरस्कारांचा हंगाम, तेव्हा मोजणी होणारच. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना गेली, तेव्हा लोकांनी मोजलं म्हणून तर ओरड झाली आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीला हलावं लागलं. पण तुमच्या तक्त्यात एक रकाना वाढवा : भूमिका कोणती होती?

हॅटी मॅकडॅनियलपासून सुरुवात करा. २९ फेब्रुवारी १९४० ला, 'गॉन विथ द विंड' या सिनेमासाठी, ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. वडील गुलामगिरीत जन्मलेले. समारंभ लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात होता आणि तिथे कृष्णवर्णीयांना मज्जाव. निर्मात्याने रदबदली केली तेव्हा तिला आत घेतलं, पण सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या छोट्या टेबलापाशी बसवलं. आदल्या डिसेंबरात अटलांटाला या सिनेमाचा पहिला खेळ झाला, त्याला तर ती जाऊही शकली नव्हती. आता तुमचा रकाना भरा : घरकाम करणारी बाई. आयुष्यभर बहुतेक तेच. पडद्यावर येण्याआधी पोटासाठीही तिने तसलीच कामं केलेली. त्यात तिच्याच समाजातले पुढारी तिला बोल लावत, की तू अशा भूमिका घेतेस म्हणून आमची तीच प्रतिमा पक्की होते. दोन्हीकडून मार. १९५२ मध्ये ती गेली, तर तिला हव्या असलेल्या हॉलिवूडच्या दफनभूमीत तिला जागा दिली नाही. आणि अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी दुसरी कृष्णवर्णीय स्त्री कधी आली? १९९१ मध्ये, व्हूपी गोल्डबर्ग. एक्कावन्न वर्षांनी! 'पहिली' म्हणून टाळ्या वाजतात तेव्हा मला ही मधली वर्षं आठवतात. तो मान तिचा खरा, पण लाज देणाऱ्यांची आहे.

मग सिडनी पॉइटिए, १९६४, प्रमुख भूमिकेसाठी पहिला कृष्णवर्णीय पुरुष. बहामा बेटांवर टोमॅटो पिकवणाऱ्यांचा हा मुलगा. १९४० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वाचनालयाच्या तळघरात कृष्णवर्णीयांनी आपली एक नाट्यसंस्था काढली होती. तिथे तो चाचणीला गेला. वाचन अडखळत, उच्चार बेटावरचे. त्याला घालवून दिलं. तो हॉटेलात भांडी घासायचा. तिथल्या एका म्हाताऱ्या ज्यू वेटरने काम संपल्यावर वर्तमानपत्र पुढ्यात ठेवून त्याला वाचायला शिकवलं. रेडिओ ऐकून त्याने उच्चार घासले आणि पुन्हा त्याच दारात गेला. हे मला ऑस्करपेक्षा मोठं वाटतं. पण रकाना काय सांगतो? डॉक्टर, शिक्षक, पोलीस अधिकारी. सगळे सद्गुणांचे पुतळे. गोऱ्या प्रेक्षकाला खटकणार नाही असा निष्कलंक माणूस. साठीचं दशक सरताना त्याच्यावरही टीका झालीच.

मला म्हणायचंय ते हे, की मोलकरीण आणि देवमाणूस, दोन्ही अर्धेच. नटाला चुकणारा, चिडणारा, बायकोशी खोटं बोलणारा माणूस मिळायला हवा. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोसारखा. आयरा ऑल्ड्रिज नावाचा न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय नट त्यासाठी १८२४ मध्ये देश सोडून इंग्लंडला गेला. १८३३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तो ऑथेल्लो म्हणून उभा राहिला, तेव्हा काही वर्तमानपत्रं खवळली. मग त्याने युरोपभर दौरे काढले, चेहऱ्याला गोरा रंग लावून शेक्सपिअरचा राजा लिअरही केला, आणि १८६७ साली दौऱ्यावरच पोलंडमधल्या वूज गावी वारला. गंमत बघ, त्याच साली महादेवशास्त्री कोल्हटकरांचा मराठी 'ऑथेल्लो' छापून झाला. पुढे आपल्या हरिपूरच्या देवलांनी त्याचाच 'झुंझारराव' केला. आपल्याकडे ते नाटक कौतुकाने पाहिलं गेलं, पण ऑल्ड्रिजचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

आता तुझ्या गावाकडे येतो. तू पिट्सबर्गला राहतेस आणि अजून तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत गेली नाहीस, याचं मला जरा आश्चर्य वाटतं. नाटककार ऑगस्ट विल्सन तिथला. पंधराव्या वर्षी त्याने नेपोलियनवर निबंध लिहिला आणि मास्तरांना तो त्याने स्वतः लिहिला यावर विश्वास बसेना. त्याने शाळा सोडली. घरी न सांगता रोज कार्नेगी वाचनालयात जाऊन बसायचा. पुढे विसाव्या शतकाच्या दर दशकाचं एक, अशी दहा नाटकं त्याने लिहिली. त्यातली नऊ हिल डिस्ट्रिक्टमध्येच घडतात.

त्यातल्याच 'फेन्सेस' नाटकातला ट्रॉय मॅक्सन कचऱ्याच्या गाडीवर काम करतो. गाडी चालवायला फक्त गोरेच का, असं साहेबाला विचारण्याची धमक त्याच्यात आहे. तोच ट्रॉय बायकोला फसवतो आणि पोराचं खेळातलं भविष्य स्वतःच्या कडवटपणापायी मोडतो. बघताना त्याचा रागही येतो आणि त्याच्यासाठी जीवही तुटतो. १९८७ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगभूमीवर, जेम्स अर्ल जोन्सने तो उभा केला, लहानपणी तोतरेपणामुळे कित्येक वर्षं जवळजवळ मुका राहिलेल्या माणसाने. त्याला टोनी हे रंगभूमीचं पारितोषिक मिळालं, नाटकाला पुलित्झर पारितोषिक.

'फेन्सेस'चा सिनेमा करायला स्टुडिओ तयार होता. विल्सनची अट एकच, दिग्दर्शक कृष्णवर्णीय हवा. ते जमेना, तो हटेना. २००५ मध्ये तो वारला. सिनेमा आला २०१६ मध्ये, कृष्णवर्णीय नट डेन्झेल वॉशिंग्टनच्या दिग्दर्शनाखाली, चित्रण त्याच हिल डिस्ट्रिक्टमध्ये. डेन्झेल आणि व्हायोला डेव्हिस दोघांनी आधी, २०१० मध्ये, हेच नाटक ब्रॉडवेवर करून टोनी घेतलेलं. ट्रॉयची बायको रोझ, तिच्या भूमिकेसाठी व्हायोलाला ऑस्कर मिळालं. अठरा वर्षं नवऱ्याच्या बाजूला उभी राहिलेली ही बाई एका प्रवेशात सगळा हिशेब मांडते. नाक गळतंय, डोळे गळताहेत, व्हायोला पुसतही नाही. हॅटीचा रकाना आणि हा रकाना शेजारी ठेवून बघ.

बेडफर्ड अव्हेन्यूवर विल्सनचं घर आहे, २०२२ पासून लोकांसाठी उघडलंय. जाऊन ये आणि बसने गेलीस तर किती वेळ लागला तेही कळव, मला नकाशात बघायला बरं.

आणि एक काम. आमच्या हौशी मंडळात 'फेन्सेस' मराठीत करावं असं माझ्या डोक्यात आहे. दामू म्हणतो नाटकातलं बेसबॉल काढून क्रिकेट घाला, सांगलीच्या सफाई कामगारावर बेतू. मला ते पटत नाही, ट्रॉयला पिट्सबर्गमधून उचलला तर विल्सन एवढा अडून बसला ते कशासाठी? यावरून आमची दोनदा खडाजंगी झाली. तेव्हा प्रयोगाचे हक्क कोण देतं आणि हौशी मंडळाला काय पडतं, तेवढं विचारून ठेव. जुन्या पुस्तकांच्या दुकानात संहिता मिळाली तर घे. कुणी नटाने समासात पेन्सिलीने खुणा केलेली प्रत असली तर तीच घे, स्वस्तही पडेल.

तुझा,
बाबा