फिलर घेण्याआधी विचारायचा प्रश्न

माननीय संपादक महोदय,

चेहऱ्यावर फिलर (ओठ, गाल भरण्यासाठी टोचायचा पदार्थ) किंवा बोटॉक्स (स्नायू ढिले करून आठ्या कमी करणारे औषध) यांचे इंजेक्शन घेणारे बहुतेक जण आधी दर विचारतात आणि आधीचे-नंतरचे फोटो पाहतात. त्याऐवजी टोचणाऱ्याला एवढेच विचारावे: ‘फिलर रक्तवाहिनीत गेले तर पुढच्या दहा मिनिटांत तुम्ही काय कराल?’ उत्तर देताना तो अडखळला, तर तिथून उठावे.

ओठ, गाल भरण्यासाठी बहुधा हायल्युरॉनिक अॅसिडची जेल वापरतात. ती धमनीत शिरली की पुढचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा पांढरी पडते आणि नंतर तिच्यावर जांभळट जाळी उमटते. वेदना होतातच असे नाही, कारण अनेक फिलरमध्ये भूल देणारे लिडोकेन मिसळलेले असते. नाक आणि दोन भुवयांमधली जागा सर्वांत धोक्याची. तिथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. जोराने दाबलेली जेल उलट्या दिशेने सरकून दृष्टिपटलापर्यंत पोहोचू शकते आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही.

ही जेल विरघळवणारे औषध आहे, हायल्युरोनिडेज. धमनी बंद झाल्यास ते शेकडो युनिट द्यावे लागते आणि त्वचेचा रंग परत येईपर्यंत साधारण तासातासाने पुन्हा द्यावे लागते. म्हणून ते त्याच खोलीत हवे; ‘लागले तर मागवू’ हे उत्तर चालणार नाही. शिवाय ते फक्त हायल्युरॉनिक अॅसिडवर चालते. कॅल्शियम हायड्रॉक्सिअॅपेटाइटचे फिलर त्याने विरघळत नाही, सिलिकॉनही नाही. तेव्हा सिरिंजमध्ये नेमके काय आहे ते विचारावे, सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे आणि बॅच क्रमांकाचे स्टिकर जपून ठेवावे.

बोटॉक्सचे गणित वेगळे आहे. भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याची ठरलेली मात्रा 20 युनिट, पाच ठिकाणी चार-चार. डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या तशाच औषधाची त्याच जागेसाठी 50 युनिट. म्हणजे दोन कंपन्यांच्या युनिटांची तुलना करून ‘इथे जास्त मिळते’ म्हणण्यात अर्थ नाही. बोटॉक्सच्या कुपीत कोरडे औषध असते आणि ते सलाइनमध्ये कालवतात. पाणी जास्त घातले तर परिणाम लवकर ओसरतो किंवा औषध नको त्या स्नायूपर्यंत पसरते. भुवईच्या फार जवळ टोचले तर पापणी उचलणारा स्नायू ढिला पडून पापणी खाली येते. हा परिणाम उलटवणारे औषध नाही. काही आठवडे वाट पाहावी लागते. पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, म्हणून त्याआधीच ‘अजून थोडे घालू’ म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

टोचणाऱ्याची वैद्यकीय पदवी आणि नोंदणी क्रमांक संबंधित परिषदेच्या यादीत स्वतः तपासावा. भिंतीवर लावलेले दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र म्हणजे पात्रता नव्हे. जाणकार डॉक्टर सुई हातात घेण्याआधी बरेच विचारतो: गर्भारपण, स्तनपान, रक्त पातळ करणारी औषधे, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार, ओठांवर वारंवार उठणारी नागीण, आधी घेतलेले फिलर, नुकतेच झालेले दातांचे काम. आणि गरज नसेल तर तो नाही म्हणतो. आमच्या मते हीच त्याची सर्वांत चांगली ओळख.

निघताना रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर घ्यावा. घरी आल्यावर त्वचेचा एखादा भाग फिकट दिसला, तर बोटाने दाबून सोडावा. दोन-तीन सेकंदांत रंग परतला नाही, वेदना वाढत गेल्या किंवा जाळी दिसू लागली, तर बर्फ लावू नये, त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. त्याच क्षणी डॉक्टरांना गाठावे. नजर धूसर झाली तर फोनवर वेळ न घालवता थेट नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात जावे आणि फिलर कोणते, कुठे, किती वाजता टोचले ते पोहोचताच सांगावे.

– त्वचारोगतज्ज्ञांचा एक गट