चिठ्ठी लिहून देता येत नाही, बाबा

सिंगापूर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, परवा माझा आवाज चढला आणि मी फोन ठेवून दिला. चुकलंच. फोनवर तुम्ही नुसतं "असं का?" म्हणालात तरी अजून माझी बोबडी वळते, म्हणून पत्र लिहितोय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत आई वाचून दाखवेल.

तुमचा प्रश्न एवढाच की लढाईबिढाई काही नसताना छोटे सरकारांना, म्हणजे तुमच्या नातवाला, दोन वर्षं इथल्या फौजेत का पाठवायचं, आणि काही कागद देऊन सुटका का होत नाही.

पहिल्याचं उत्तर इथल्या शाळेत शिकवतात. १९६५ मध्ये हा देश वेगळा झाला तेव्हा लोकसंख्या वीस लाखांच्या आत आणि फौज म्हणजे दोन बटालियन. मोठी पगारी फौज पोसायला ना माणसं ना पैसा. म्हणून १९६७ मध्ये कायदा केला आणि अठरा वर्षांच्या पोरांना बोलावलं. आधी बऱ्याच जणांना अडीच वर्षं काढावी लागत, २००४ पासून दोन झाली. मला हे पटतं का? अर्धंमुर्धं पटतं. पण इथे मंत्र्याचा मुलगा असो की टॅक्सीवाल्याचा, डोकं दोघांचंही भादरतात, हे मात्र मला आवडतं.

दुसऱ्याचं उत्तर द्यायला मी पंधरा वर्षं टाळाटाळ केली. मी इथला कायम रहिवासी झालो तेव्हा हा तीन वर्षांचा होता. नियम असा की जो नोकरीसाठी येऊन हा दाखला घेतो त्याला फौज माफ, पण त्याच्या आधाराने मुलाला दाखला मिळाला की मुलाला माफी नाही. मला ते तेव्हाच माहीत होतं, बाबा. शाळेची फी कमी झाली, पुढे घर घेता आलं आणि पंधरा वर्षं म्हणजे काय, फार लांब आहेत असं वाटलं. जेवलो मी आणि बिल त्याच्या नावावर फाडलं. दाखला परत करता येतो, पण फौज न करता परत केला की पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं म्हटलं की ते आड येतं. शिवाय दाखला परत करायला तो स्वतःच नको म्हणतोय.

तुम्ही एनसीसीचे किस्से सांगायचात ते आठवतात. चीनच्या लढाईनंतर १९६३ मध्ये ती कॉलेजात सक्तीची झाली, १९६८ पर्यंत राहिली, आणि तुम्ही बरोबर त्या कचाट्यात सापडलात. कांजी केलेली खाकी, ब्रासो लावून घासलेलं बक्कल. आणि थंडीत पहाटेची परेड चुकवायला आजोबांनी "पोटात कळ येते" म्हणून लिहून दिलेली चिठ्ठी. परवा तुम्ही माझ्याकडे तसलीच चिठ्ठी मागत होतात. ती मला लिहिता येत नाही.

डिसेंबरात ग्वाल्हेरला आलो होतो तेव्हाची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. हा पहाटे उठून कंपू भागात पळायला जायचा. तिथल्या मैदानाच्या पाटीवर "एसएएफ" वाचून पहिल्याच दिवशी हसत आला, कारण ते तिथल्या सशस्त्र पोलीस दलाचं नाव आणि इथल्या सैन्यालाही सगळे एसएएफच म्हणतात. तिसऱ्या दिवशी मीही गेलो. धुकं इतकं की समोरच्या माणसाचे नुसते बूट ऐकू यावेत. भिंड-मुरैन्याकडची वीसेक पोरं सोळाशे मीटरचा सराव करत होती. एकाच्या बुटाचा तळवा उघडलेला, सुतळीने बांधलेला. धावून झाल्यावर ती सगळी गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, तोंडातून नुसती वाफ. त्या सुतळीवाल्याने ह्याला विचारलं, "भरती देख रहे हो?" हा म्हणाला, "नहीं भैया, मेरे को जाना ही पड़ेगा. कानून है." त्या पोराला ते कळेचना. दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "बिना दौड़ के ले लेते हैं? किस्मत है यार तेरी." त्याची ही तिसरी भरती होती. आणि लागला तरी अग्निवीर, म्हणजे चार वर्षं, पुढे शंभरात पंचवीस राहणार.

घरी येईपर्यंत हा काही बोलला नाही. मीही नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि उठलीच नाही म्हणून ग्वाल्हेरातला आपला लष्कर भाग वसला, असं तुम्ही प्रत्येक पाहुण्याला ऐकवता ना, त्याच लष्करच्या गल्लीतून आम्ही दोघं गप्प चालत आलो.

आता जे फोनवर लपवलं ते सांगतो. दोन वर्षांनी हे संपत नाही. नंतर राखीव फौजेत. साधारण दहा वर्षं, वर्षाला जास्तीत जास्त चाळीस दिवस बोलावू शकतात. साधा शिपाई वयाच्या चाळिशीपर्यंत बांधलेला, अधिकारी पन्नाशीपर्यंत. बुडालेला पगार सरकार भरून देतं. आमच्या ऑफिसातला हिशेब बघणारा अडतीस वर्षांचा आहे. दरवर्षी दोन आठवडे गायब होतो. ह्या वेळी जाण्याआधी हिरवा शर्ट घालून बघितला तर पोटावरचं बटण लागेना, जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून ओढून लावलं. शिवाय मधेच कधीतरी टीव्हीवर, रेडिओवर सांकेतिक शब्द येतात. आपल्या पलटणीचा शब्द दिसला की हातातलं काम टाकून ठरल्या वेळात हजर व्हायचं. बहुतेक वेळा हजेरी घेऊन घरी सोडतात. तरीपण तो शब्द स्क्रीनवरून सरकतो तेव्हा हा माणूस घास हातात धरून थांबतो, ते मी पाहिलंय.

आई, तुझ्यासाठी. पुढच्या महिन्यात चांगीहून फेरीने टेकाँग नावाच्या बेटावर जायचंय. पहिल्या दिवशी आईबापांनाही नेतात, बराकी दाखवतात, जेवायला घालतात आणि परत पाठवतात. सुरुवातीला दोनेक आठवडे बेटावरच, मग शनिवार-रविवार घरी. डोक्याचं म्हणशील तर मुंजीत निदान घेरा तरी ठेवला होता, इथे तेवढाही नाही. आदल्या रात्री त्याला फोन कर, पण रडू नकोस. तुझ्यापुढे त्याचं काही चालत नाही आणि मग माझंही चालणार नाही. जाणाऱ्या कुणाबरोबर बेसनाचे लाडू पाठव, पण थोडेच. वजन करतात म्हणे.

बाबा, त्याला बक्कल घासायचं नाहीये, ते आता नसतं. पण बूट कसे चमकवायचे ते तुम्हालाच विचारेन म्हणालाय. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करतो. बीपीची गोळी घेऊन बसा.

आणि आई, वाचून दाखवताना तो चाळिशी-पन्नाशीचा भाग गाळू नकोस. तू गाळशील, मला माहीत आहे.

तुमचा,
बाळू