बाबा, यंदा मोती चौकात जाऊ नका

आई, बाबा,

फोनवर नीट बोलणं झालं नाही म्हणून टाइप करतेय, आई तू बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. ओजसचं शाळेचं सगळं घेऊन झालंय. पुस्तकं, वह्या, गणवेश, बूट, सगळा सेट शाळेतूनच. बाबा, रागावू नका हं. वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, साताऱ्यात मोती चौकातून डझनानं घेतो म्हणालात, ते पटतंय मला, पण इथं वहीवर शाळेचं नाव छापलेलं लागतं, आणि पुस्तकं बालभारतीची नाहीत, खासगी प्रकाशनांची, दरवर्षी थोडी थोडी बदलतात म्हणजे वरच्या वर्गातल्या पोरांची जुनी घ्यायचीही सोय नाही. मी ऑफिसात जाऊन विचारलं, भांडूनही बघितलं. शेवटी लिंकवर पैसे भरले आणि खोका घरी आला. पोराला एक खोडरबरसुद्धा स्वतः निवडता आला नाही, याचं फार वाईट वाटतं मला. शिवाय तुमचा गुडघा असा, मेच्या उन्हात पिशव्या घेऊन कुठं फिरणार तुम्ही.

आपल्याकडं १ मेला निकाल लागला की त्याच संध्याकाळी तुम्ही वरच्या वर्गातल्या कुणाची तरी पुस्तकं निम्म्या किमतीत सांगून ठेवायचात, जुन्या वह्यांची कोरी पानं दाभणानं शिवून माझी कच्ची वही व्हायची, आई खण आळीतून कापड आणून शिंप्याला बजावायची, वाढत्या अंगाचा शिवा, दुमड सोडा. मग राजवाड्यावर भेळ, दादा तर तेवढ्यासाठीच यायचा. आणि लेबलावरचं तुमच्या अक्षरातलं माझं नाव, बाबा, तसं वळण मला अजून जमत नाही.

म्हणून कव्हरं घातलेली नाहीत मी. खाकी कागद आणून ठेवलाय. जूनच्या पहिल्या आठवड्यात या, लेबलं तुम्हीच लिहायची. रेनकोटही घेतला नाही, त्याला शाळेची सक्ती नाही, तो आजी-आजोबांनी त्याला घेऊन जाऊन त्याच्या आवडीचा घ्यायचा. लिफ्ट चालू आहे, कमोडशेजारी धरायला दांडा बसवून घेतलाय, मराठी पेपर लावलाय, आई तुझा गवती चहाही कुंडीत आहे.

एसटीनं अजिबात यायचं नाही, गाडी पाठवते. गोळ्यांचा डबा हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. पैसे पाठवू नका. कंदी पेढे ओजससाठी पाव किलोच आणा, वाटेत उघडू नका बाबा, आणि निघायच्या आधी शुगर तपासून रिपोर्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

तुमची,
ताई