एसीचं पाणी कुठे अडतंय?

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

एसीतून घरात पाणी गळतंय म्हणून खाली बादली ठेवलीत ते बरं केलंत. आता एसीचा एमसीबी, म्हणजे त्याची वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच, खाली करा. रिमोटने बंद केला तरी आतल्या बोर्डाला वीज मिळतच असते आणि पाणी तिथवर पोचलं तर काम वाढतं. बाबा, स्टुलावर चढायचं नाही. निम्मं निदान जमिनीवर उभं राहूनच होतं.

एसीत पाणी तयार होणारच. दमट हवा आतल्या गार कॉइलला लागली की थंड पेल्याला सुटतो तसा तिला घाम सुटतो. तो खालच्या ट्रेमध्ये पडतो आणि ड्रेन पाइपातून उताराने बाहेर जातो. दमट दिवसांत दीड टनाच्या एसीतून तासाला लिटरभर पाणी सहज निघतं. त्याची वाट कुठे अडली, तेवढं शोधायचं.

गळणारं पाणी प्लगपासून लांब असेल तरच, बादली तशीच ठेवून, एमसीबी वर करून एसी 30 मिनिटं लावा. आई, तू बाहेर जाऊन ड्रेन पाइपाचं टोक बघ. आत टपटप आणि बाहेर टोक कोरडं, असं असेल तर पाइप तुंबलाय. फिल्टरमधून निसटलेली धूळ ओल्या ट्रेत बसते, तिच्यावर बुळबुळीत शेवाळ धरतं आणि त्याचा बोळा पाइपाच्या तोंडाशीच अडकतो. पण त्याआधी एक साधी गोष्ट बघ: पाइपाचं टोक बाहेर ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यात बुडालंय का? बुडालं की आतली हवा कोंडते आणि पाणी उतरत नाही. टोक पाण्याच्या पातळीच्या निदान 5 सेंटीमीटर वर हवं. पाइप कुठे मुडपलाय का, मध्येच झोळ पडून पुन्हा वर चढलाय का, तेही बघ. मीटरला किमान 1 सेंटीमीटर उतार लागतो.

बोळा काढायला ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर उत्तम. एमसीबी पुन्हा खाली करून व्हॅक्यूमची नळी बाहेरच्या टोकाला लावा, फट ओल्या फडक्याने आवळा आणि मिनिटभर ओढा. काळपट, चिकट गोळा येईल. साधा व्हॅक्यूम मुळीच नको, त्याच्या मोटारीत पाणी जाईल. बाहेरून पंपाने जोरात हवा मारणारे पुष्कळ भेटतात. त्याने घाण उलटी ट्रेमध्ये येते, कधी भिंतीमागचा जोडच निसटतो, आणि मग पाणी भिंतीत मुरतं. नंतर मेकॅनिककडून ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतवून घ्या. ते लगेच बाहेर पडायला हवं. ॲसिड किंवा ब्लीच कोणालाही वापरू देऊ नका, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या खराब होतात.

दुसरी खूण वेगळी आहे. एसी चालू असताना फारसं गळत नाही, गारवा कमी लागतो आणि बंद केल्यावर भस्सकन पाणी येतं. म्हणजे कॉइलवर बर्फ धरलाय. पुढचं झाकण उघडलं की पत्र्यांवर पांढरा थर दिसेल. तो चाकूने खरवडू नका, आत गॅस आहे. कूलिंग बंद करून नुसता फॅन मोड दोन-तीन तास चालू ठेवा. बहुतेक वेळा दोष फिल्टरचा असतो: जाळी धुळीने भरली की हवा कमी जाते आणि कॉइल शून्याखाली उतरते. फिल्टर साध्या पाण्याने, मागच्या बाजूने धार सोडून धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच बसवा. रोज वापर असेल तर दर दोन आठवड्यांनी. मात्र काढायला-घालायला हात पुरत नसेल तर शेजारच्या कुणाला तरी बोलवा.

फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ धरला तर गॅस कमी असू शकतो. इथे एक ध्यानात ठेवा. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ म्हणणाऱ्याला आधी गळती दाखवायला सांगा. तांब्याच्या नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग दिसतो का, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे येतात का, ते त्याने तुमच्यासमोर तपासावं.

बाहेर पाणी व्यवस्थित पडतंय आणि तरी आत ओल आहे, तर युनिट उलट्या बाजूला कललंय किंवा ट्रेला तडा गेलाय. तेही मेकॅनिकचंच काम. पाणी युनिटमधून न येता तांब्याच्या नळीवरून ठिबकत असेल तर तिच्यावरचा काळा फोम फाटलाय, तो नवा गुंडाळला की झालं. हवा बाहेर सोडणाऱ्या पट्टीवर नुसते थेंब दिसले तर खिडक्या बंद आहेत ना ते पाहा आणि तापमान 25-26 वर ठेवा.

मेकॅनिकला फोन करताना ‘एसी गळतोय’ एवढंच सांगू नका. कोणत्या बाजूने, चालू असताना की बंद केल्यावर, बाहेरचा पाइप ओला की कोरडा, हे तिन्ही सांगा. आईने बाहेर काय पाहिलं ते मला आज रात्री फोनवर कळवा.

तुमची लाडकी,
ताई